उजव्याचं दुखणं, डाव्याला चटके

“मिस्तरी, होडीचं काम करता का?”

फोन आला तेव्हा मी एका पिकअपच्या डॅशबोर्डखाली उताणा पडलो होतो. तोंडात टेस्टर, छातीवर उघडा फ्यूजबॉक्स. म्हटलं कुणीतरी थट्टा करतंय. नाशिकच्या शिंगाडा तलावाजवळ माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. पत्त्यात तलाव आहे एवढंच. माझा पाण्याशी संबंध बॅटरीत टाकायच्या डिस्टिल वॉटरपुरता.

थट्टा नव्हती. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला नानांची एक मोटरबोट आहे. सगळे त्यांना नाना म्हणतात, म्हणून मीही. बोट फायबरची, चोवीस फुटी, मागे साठ-साठ हॉर्सपॉवरची दोन इंजिनं टांगलेली. आधी ती समुद्रावर चालायची. नानांनी सेकंडहँड घेतली आणि ट्रेलरवर टाकून कसारा घाट चढवून आणली. तक्रार अशी की उजवं इंजिन कधी सेल्फ घेतं, म्हणजे चावीच्या स्टार्टर मोटरनं फिरून सुरू होतं, कधी नुसतं ‘टक’ करून गप्प बसतं. दोन वेळा बॅटरी बदलून झाली. सेल्फ उघडून कार्बन बदलून झाले. मग सेल्फच नवा टाकला. एवढं होऊनही टक तिथंच.

“बोटीचा मेकॅनिक लांबून येतो, यायचेच एवढे घेतो,” नाना म्हणाले. “आणि येऊन पुन्हा बॅटरीच बदला म्हणतो. तुम्ही गाड्यांचं बघता ना? करंट तो करंटच की!”

करंट तो करंटच. मला हे पटलं, आणि माझी पहिली चूक तिथंच झाली.

मे महिना होता. गंगापूर रोडनं सोमेश्वर ओलांडलं, गंगापूर गाव मागे टाकलं आणि बॅकवॉटरच्या कडेला उतरलो तर पाणी पार आत गेलेलं. भेगाळलेल्या चिखलावर फळ्या टाकून नानांनी वाट केली होती. १९६५ साली पूर्ण झालेलं हे मातीचं धरण, नाशिकची तहान मुख्यतः भागवणारं. आपण गोदावरीला गंगाच म्हणतो, पण रामकुंडावरची गंगा आणि ही गंगा यांत फरक आहे. इथं पश्चिमेला अंजनेरी-ब्रह्मगिरीची रांग दिसते आणि दुपारी दोननंतर तिकडून असा वारा सुटतो की चिमटीत धरलेली वायरही हलायला लागते. तेव्हा जे काम करायचं ते सकाळी.

बोटीवर चढलो, बॅटरीचा डबा उघडला. आमच्या गाडीवाल्यांच्या हाताला एक खोड असते. काहीही तपासायचं तर टेस्ट लॅम्पची, म्हणजे एका टोकाला क्लिप आणि दुसऱ्या टोकाला टोच्या असलेल्या बल्बची, क्लिप आधी बॉडीला लावायची. बॉडी म्हणजे अर्थ, अर्थ म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की डोक्याला विचारावंही लागत नाही. मी क्लिप लावली स्टीलच्या चकचकीत रेलिंगला आणि टोच्या टेकवला बॅटरीच्या प्लसवर. बल्ब पेटला नाही. दुसऱ्या बॅटरीवर टेकवला, तिथंही नाही. मी मोठ्या आत्मविश्वासानं जाहीर केलं, “नाना, तुमच्या दोन्ही बॅटऱ्या मेल्यात.”

नानांचा नातू मागे उभा होता, विशीतला पोरगा, तोच बोट चालवतो. त्यानं काही न बोलता डावी चावी फिरवली. डावं इंजिन भर्रकन सुरू झालं.

फायबरच्या बोटीला कसली आलीय बॉडी! रेलिंग फायबरमध्ये चार स्क्रूंवर उभं, त्याचा बॅटरीशी संबंधच नाही. मारुतीच्या पत्र्यातून करंट परत जातो, इथं प्रत्येक दिव्याला, पंपाला, भोंग्याला परतीची वेगळी वायर ओढावी लागते. माझे वडील ओझरच्या एचएएलमध्ये विमानांच्या वायरिंगवर होते. रात्री जेवताना दुकानातली एखादी अडलेली गाडी सांगितली की ते एकच विचारायचे, “गेला कसा ते सांगितलंस. परत कसा येतो ते बघितलंस का?” रेलिंगवरची क्लिप काढताना मला ते आठवलं. पण आठवण एवढी उपयोगी पडणार आहे हे तेव्हा कळलं नव्हतं.

पोरगा म्हणाला, “काका, उजवं मारायचं ना? स्टिअरिंग फुल डावीकडं फिरवा आणि मग मारा. लागतं तसं.”

मी हसलो. आमच्या दुकानात असे सल्ले रोज येतात. कुणी हॉर्न दाबून सेल्फ मारतो, कुणी दार दोनदा आपटतो, एका रिक्षावाल्याला तर चावीआधी मीटरला नमस्कार करावा लागायचा. म्हटलं, हे असंच. स्टिअरिंगच्या केबलचा आणि सेल्फचा काय संबंध?

ही माझी दुसरी चूक.

सोप्या गोष्टी आधी काढून टाकल्या. गिअर न्यूट्रलला नसेल तर ही इंजिनं सेल्फच घेत नाहीत, म्हणून दोन्ही लिव्हर हलवून बघितले. चालवणाऱ्यानं अंगाला अडकवायची लाल दोरी, जी निघाली की इंजिन बंद होतं, ती जागेवर होती. फ्यूज ठीक. दोन्ही बॅटऱ्या मीटरवर १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज.

आता मीटरविषयी थोडं बोलू द्या, कारण नानांचे पैसे इथंच गेले. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. दोनशे तारांच्या केबलमधली एकच तार शिल्लक असली तरी मीटर म्हणतो, बारा व्होल्ट आहेत, सगळं छान. ते खोटंही नसतं. बारा व्होल्ट पोचतायत, पण सव्वाशे अँपिअर पोचणार नाहीत. ओहम लावून केबल मोजायची म्हटली तर तेही जमत नाही, कारण बिघाड एका ओहमच्या शंभराव्या भागात असतो आणि माझ्या मीटरच्या नुसत्या पिनाच एकमेकींना टेकवल्या तर ०.३ दाखवतात. म्हणून सेल्फची तक्रार असली की एकच रस्ता. सेल्फ फिरत असताना, म्हणजे भार असताना, व्होल्ट कुठं गळतायत ते टप्प्याटप्प्यानं मोजायचं.

पोराला चावीवर बसवला, मी मागे इंजिनापाशी पालथा.

“मार.” टक. घुर्रर्र. टक.

बॅटरीच्या खांबांवर १०.९. सेल्फ ओढत असताना एवढं खाली येणारच, बॅटरी तगडी आहे. सेल्फच्या बोल्टवर आणि इंजिनाच्या अंगावर मोजलं तर ७.८. म्हणजे बॅटरीपासून सेल्फपर्यंत तीन व्होल्टच्या वर कुठंतरी सांडतायत. प्लसची बाजू मोजली, बॅटरीचा प्लस ते सेल्फचा बोल्ट, गळती ०.३. ठीक. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या ॲल्युमिनियमवर, थोडा रंग खरवडून.

“मार.”

२.८.

लोक प्लसच्या मागे लागतात. लाल वायर दिसते, तिला मान असतो. काळी वायर म्हणजे काय, नुसती परतीची. पण जितका करंट लाल वायरनं जातो तितकाच काळ्या वायरनं परत यावा लागतो, एक अँपिअरही कमी नाही.

आता २.८ जास्त आहे हे मला ठाऊक होतं, पण या जातीच्या इंजिनाला किती चालतं हे कुठून कळणार? इथं दोन इंजिनांची बोट म्हणजे माझ्यासारख्या परक्या माणसाला देणगीच. शेजारी तसंच, त्याच वयाचं, त्याच कंपनीचं दुसरं इंजिन उभं. पुस्तक नको, त्यालाच विचारायचं. डावं मोजलं तर निगेटिव्हची गळती ०.५. हेही फार चांगलं नाही, असं मी नानांना तेव्हाच म्हणालो होतो, लक्षात ठेवा. पण सेल्फ झकास फिरत होता.

खात्रीसाठी बॅटऱ्यांची अदलाबदल केली. डावी उजवीकडं, उजवी डावीकडं. दुखणं उजव्याकडंच राहिलं. नानांनी घेतलेल्या दोन्ही नव्या बॅटऱ्यांची बिलं त्या क्षणी डोळ्यांपुढं फडफडली, पण मी काही बोललो नाही.

हे करताना बारा-तेराचा पाना हातातून निसटला. काठावर एकदा टण्ण वाजला आणि डुबुक. दुकानात खाली पडलेला पाना खाली सापडतो, हे सुख किती मोठं असतं ते त्या दिवशी कळलं. लोक गंगेत नाणं टाकतात, मी पाना टाकला. पुढचं सगळं काम पकडीवर.

तर मोठी काळी केबल खराब, एवढं नक्की झालं. दुसरा कुणी असता तर तिथंच थांबला असता. पण माझ्या डोक्यात एक भुंगा शिरला होता. केबल खराब आहे तर कधीकधी इंजिन चालू कसं होतं? आणि नानांच्या तक्रारीत अजून एक गोष्ट होती जी मेकॅनिकनं ऐकूनच घेतली नव्हती. डावं इंजिन चालू असताना उजव्याचा सेल्फ मारला की डाव्याच्या आरपीएम मीटरची, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरची, सुई थरथरून खाली पडते. डाव्याचं यात काय जातं?

पोरगा पुन्हापुन्हा सेल्फ मारत होता. मी स्टिअरिंगच्या खालचं झाकण काढून आत हात घातला, वायरींचा गुच्छ चाचपायला. आणि चटका बसला. इस्त्री लागल्यासारखा नाही, पण हात मागे घ्यावा एवढा. गरम होती ती मीटरांची परतीची काळी वायर, पेन्सिलीच्या शिशाएवढी जाड. हिच्यातून फार तर अर्धा अँपिअर जायला हवा.

वायर न कापता करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर त्या वायरीभोवती अडकवला. “मार.” चौदा अँपिअर.

मग मात्र मी खाली फळीवर बसलो आणि चहा मागवला.

वडिलांचा प्रश्न. परत कसा येतो? दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एका जाड केबलनं एकमेकांना जोडलेले असतात, दोन इंजिनांच्या बोटीत ते तसेच हवेत. पुढं दोन्ही इंजिनांच्या मीटरांच्या काळ्या वायरी एका पट्टीवर एकत्र येतात. उजव्या सेल्फमधून बाहेर पडलेल्या करंटला आपल्या घरी, उजव्या बॅटरीत जायचंय. समोरचा हमरस्ता, म्हणजे जाड केबल, चोंदलेला. मग गर्दी गल्लीबोळात घुसते. उजव्या इंजिनाच्या बारीक काळ्या वायरीतून पुढं, पट्टीवरून डाव्याच्या बारीक वायरीत, तिथून मागे डाव्या इंजिनाच्या अंगावर, त्याच्या धडधाकट केबलनं डाव्या बॅटरीत आणि तिथून जोडकेबलनं घरी. एवढा वळसा! जाताजाता त्या पट्टीचा निगेटिव्ह व्होल्ट-दीड व्होल्टनं वर उचलला जातो आणि तिथंच टेकलेला डाव्याचा आरपीएम मीटर गोंधळून सुई टाकतो. दुखणं उजव्याचं, चटके डाव्याला.

म्हणजे इतके दिवस डावं उजव्याचं ओझं गुपचूप वाहत होतं, आणि म्हणूनच रोग सापडत नव्हता. एकच इंजिन असतं तर ते पहिल्याच आठवड्यात पूर्ण बंद पडलं असतं आणि कुणीही केबल बदलून दिली असती.

चहा अर्धा झाला आणि पोराचं स्टिअरिंग आठवलं.

दोन्ही इंजिनं एकत्र वळावीत म्हणून त्यांना जोडणारा एक आडवा स्टीलचा दांडा असतो, टाय बार. सांध्यांत ग्रीस, वर रंग, त्यामुळं एरवी धातूला धातू नीट टेकत नाही. पण स्टिअरिंग फुल डावीकडं नेलं की सांधा कडेला दाबला जातो, ग्रीस बाजूला सरतं आणि लोखंडाला लोखंड लागतं. मग बारीक गल्लीऐवजी चांगला रस्ता मिळतो, उजव्या इंजिनातून दांड्यावाटे थेट डाव्या इंजिनात. मी टॉर्च घेऊन दांड्याच्या टोकाचा बोल्ट बघितला. ग्रीस पुसलं तर आत मुगाच्या दाण्याएवढा काळा खड्डा, कडा वितळून गोल झालेल्या. वेल्डिंगचा रॉड चुकून टेकला की उमटतो तसाच डाग.

पोराला बोलावून दाखवला. म्हटलं, “तुझं बरोबर होतं रे. मी हसलो ते चुकलं.” तो लाजला. नाना म्हणाले, “मेकॅनिकला पण सांगितलं होतं यानं. तो म्हणाला, अंधश्रद्धा.”

हा डाग गमतीचा नाही, हेही सांगितलं. तिथून हातभर अंतरावर पेट्रोलची नळी जाते. मी स्वतः काम सुरू करण्याआधी मागचं झाकण उघडून नाकानं वास घेतो, मगच पकड हातात. आणि निगेटिव्ह आधी काढायचा, शेवटी लावायचा.

आता केबल. बाहेरून बघाल तर नवीच वाटावी. काळं रबर तुकतुकीत, टोकाला थिंबल, म्हणजे बोल्टला अडकवायची धातूची टोपी, त्यावर लाल स्लिव्ह नीट चढवलेली. मी ब्लेडनं स्लिव्ह उभी कापली. आत थिंबलच्या तोंडाशी हिरवी भुकटी साचली होती. थिंबल छिन्नीनं ठोकून बसवलेलं, एका बाजूला दबलेलं, दुसरीकडं पोकळ. त्या पोकळीतून खारा दमट ओलावा आत शिरला आणि तारांच्या फटींतून दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा वर चढत गेला. चार बोटं मागे कापली, तिथंही तांबं काळं. वीतभर मागे कापली तेव्हा कुठं थोडी लाली दिसली. टोकाकडच्या तारा चिमटीत धरल्या तर उन्हात वाळलेल्या शेवयांसारख्या मोडत होत्या. मोजल्या नाहीत, पण निम्म्याच्या वर गेलेल्या. ही गाडीची साधी केबल होती, उघड्या तांब्याची. बोटीला कलई केलेल्या तारांची केबल लागते, प्रत्येक तार कथलानं मढवलेली, चांदीसारखी दिसणारी. समुद्र सोडून बोट गोड्या पाण्यात आली, पण समुद्राचं मीठ केबलच्या पोटात बसून घाट चढलं.

छिन्नीविषयी कबुलीजबाब. मी स्वतः वर्षानुवर्षं थिंबलं हातोडी-छिन्नीनंच ठोकत आलोय. गाडीत खपून जातं. तो दबलेला थिंबल बघताना दुसऱ्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

कलईवाली केबल नाशिकमध्ये मला मिळाली नाही. पस्तीस चौरस मिलिमीटरची मुंबईहून मागवली, ती लक्झरी बसच्या डिकीतून रात्री नाशिकच्या द्वारका चौकात उतरली. थिंबल दाबायला अंबड एमआयडीसीत पॅनल बनवणारा एक मित्र आहे, त्याच्या हायड्रॉलिक मशीनवर सहाकोनी डायमध्ये दाबून घेतली. मित्र म्हणाला, “वरून सोल्डर पण ओतू का?” नको म्हटलं. सोल्डर तारांत वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि इंजिनाच्या थरथरीनं नेमका तिथंच तुटतो. नीट दाबलेलं थिंबल आणि त्यावर आतून गोंद असलेली स्लिव्ह, बस्स.

नवी केबल घातली. गळती ०.२, सेल्फवर १०.४. पोरानं मुद्दाम स्टिअरिंग फुल उजवीकडं फिरवलं आणि चावी दिली. भर्रकन. काळी वायर गार. डाव्याची सुई जागची हलली नाही. टाय बारचा बोल्ट बदलला, आणि पुढची बारीक काळी वायरही, कारण तिचं इन्सुलेशन आतून भाजून कडक झालं होतं.

नाना पैसे काढायला लागले तेवढ्यात पोरगा म्हणाला, “काका, उजव्याचा आरपीएम अजून नाचतोय.”

खरंच नाचत होता. शून्य, दोन हजार, शून्य. हे वेगळंच दुखणं निघालं. अशा इंजिनांत वरच्या फिरत्या चाकाखाली, म्हणजे फ्लायव्हीलखाली, चार्जिंगची कॉइल असते, तिचा एसी करंट रेग्युलेटरमध्ये, आमच्या भाषेत कटआउटमध्ये, डीसी होतो आणि आरपीएम मीटर आपले ठोके त्याच वाटेवरून मोजतो. म्हणून आरपीएम मीटर वेड्यासारखं करायला लागला की मीटर बदलू नये, आधी चार्जिंग बघावं. उजव्या बॅटरीवर इंजिन रेस करूनही १२.५, डावीकडं १४.१. म्हणजे उजवीकडं चार्जिंगच नाही. कॉइल किती एसी द्यायला हवी? मला ठाऊक नव्हतं. पुन्हा शेजाऱ्यालाच विचारलं. सारख्याच आरपीएमला दोन्ही कॉइली जवळजवळ सारख्या आल्या, म्हणजे कॉइल ठीक. मग दोन्ही कटआउटांची अदलाबदल. चार बोल्ट, दोन कपलर. पंधरा मिनिटांत डावा मीटर नाचायला लागला आणि उजवा शांत. एक रुपयाही न घालता निदान झालं.

पण कटआउट मेलं कशानं? बॅटरीच्या डब्यावर एक गोल स्विच असतो: एक, दोन्ही, दोन, बंद. मी पोराकडं बघितलं. तो आधी पाण्याकडं बघत राहिला, मग म्हणाला, “चालू असताना फिरवायचो मी कधीकधी. दोन्ही बॅटऱ्या सारख्या चार्ज व्हाव्यात म्हणून.”

“बंदवरून फिरवायचास का?”

“जवळ पडतं ते.”

इंजिन चालू असताना बॅटरी हा करंट पिणारा स्पंज असतो. स्विच क्षणभर जरी ‘बंद’वर गेला तर स्पंज निघून जातो, व्होल्ट उसळतात आणि कटआउटमधले डायोड फुटतात. ट्रॅक्टरवाले डायनामो चार्ज करतोय का बघायला चालू इंजिनाची बॅटरी काढतात, तिथंही हेच होतं. पोराला रागावलो नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं ऑइलपेंट आणला आणि डब्यावर लिहिलं, ‘इंजिन चालू असताना हात लावू नये’. अक्षर सुंदर आहे त्याचं.

इंजिनांच्या खाली पाण्यात बोल्ट केलेले, इंजिनाऐवजी स्वतः गंजणारे ठोकळेही बघितले, जस्ताचे, समुद्रातले. गोड्या पाण्यात जस्तावर पांढरी कवची धरते आणि ते काम सोडतं. इथं मॅग्नेशियमचे हवेत. ते नानांना लिहून दिलं, त्यांनी कागद खिशात घातला. खिशातून बाहेर निघाला असेल असं वाटत नाही.

जाताना मी म्हटलं, “नाना, डाव्याची काळी केबल पण बदलून टाका. ०.५ आहे. त्याच दिवशी, त्याच छिन्नीनं ठोकलेली दिसते.”

“डावं तर पहिल्या चावीला लागतंय की.”

“आत्ता लागतंय.”

“मग बघू. पावसाळा तोंडावर आलाय, बोट तशीही झाकूनच ठेवायची.”

मी जास्त जोर दिला नाही. गिऱ्हाइकाला आपण केबल खपवतोय असं वाटायला नको.

दिवाळी झाली, धरण काठोकाठ, बोटींचा मोसम सुरू. परवा दुकानात होतो, पोराचा फोन.

“काका, डावं टक करतंय.”

मी विचारलं, “आणि?”

तो हसायला लागला. “स्टिअरिंग फुल उजवीकडं फिरवलं की लागतं.”

रविवारी सकाळी जातोय, वारा सुटायच्या आत. मागच्या वेळची उरलेली केबल पिशवीत टाकलीय. बारा-तेराचे दोन पाने घेतलेत, दोन्हींना भोक पाडून सुतळी बांधलीय.